हात मांडीखाली

न्याई : शी, शी, शी! मिएन, बघ तरी! कानात घातला त्यानं. भोपळा कानात!

मिएन : बघतेय, आई.

न्याई : बघतेय म्हणे. मग पूस की!

मिएन : त्याचं खाऊन झालं की एकदाच पुसते. सारखं तोंड पुसत बसलं की त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय.

न्याई : सहा महिन्यांच्या पोराला काय वाटतंय! मला काय वाटतंय ते विचार. कपाळ पिवळं, भुवया पिवळ्या, मानेच्या वळीत पिवळं. लंगोट फुटून वरपर्यंत आल्यासारखा दिसतोय माझा नातू.

मिएन : आई, आपण जेवतोय.

न्याई : तू जेवतेयस. माझा घास मघाशीच मागे फिरला. आणि खाली बघितलंस? अर्धा भोपळा फरशीवर. पायाखाली गिळगिळीत लागलं, मला वाटलं गोगलगाय आली घरात.

मिएन : तोम आधी हातात धरून बघतो, मग चोखतो, मग फेकतो. रोज थोडं थोडं पोटात जातं. तोंडात घालायचं की नाही, किती घालायचं, ते त्याचं त्यानं ठरवायचं. आपण फक्त समोर ठेवायचं.

न्याई : समोर ठेवायचं! कोंबडीला ठेवतात तसं. अगं, दात एक नाही त्याला.

मिएन : हिरड्या आहेत. हे बघा, ही फोड. माझ्या बोटाएवढी लांब, म्हणजे मुठीतून वर टोक राहतं. आणि अशी चिमटीत दाबली की तिचा चेंदा झाला पाहिजे. एवढी मऊ असली की हिरड्यांना पुरते. दाबून बघा तुम्ही.

न्याई : मी नाही दाबत. लाळ लागलीय तिला.

मिएन : ही ताटातली आहे. कोरडी आहे.

न्याई : तरी नको. बाई, मी तुझ्या नवऱ्याला, तोआनला वाढवलं. माझ्या दोन्ही भाच्यांना वाढवलं. गिरणीच्या पाळणाघरात बावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं वाढवली. एकाच्याही कानातून भोपळा नाही निघाला. वाम माशाची पेज करायची, गाळून घ्यायची, चमच्यानं भरवायची. दहा मिनिटांत पोट भरलं, तोंड पुसलं, पोर झोपलं. आणि तू मोबाइलवर बघून — अगं! अगं, तो ओकतोय! मिएन, ऊठ!

मिएन : बसा, आई. हात लावू नका.

न्याई : डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या!

मिएन : येऊ दे. जीभ बाहेर काढलीय बघा. आता ढकलेल. हं, पडला तुकडा.

न्याई : ई ई ई! सगळा फेस. तारा लोंबतायत गं त्या. हे तू रोज बघतेस?

मिएन : रोज. पहिल्या दिवशी मीही घाबरले होते. आता नीट ऐका, कारण उद्यापासून मी ऑफिसात आणि तुम्ही दोघंच घरी. तोंड लाल झालं, खोकतोय, आवाज येतोय, म्हणजे तो स्वतःच घशातून बाहेर काढतोय. तेव्हा आपण बोट घातलं तर उलट तुकडा आत जाईल. पण आवाज बंद झाला आणि ओठ निळे दिसले, तर ताबडतोब हातावर पालथा घ्यायचा, डोकं खाली, आणि पाठीच्या मध्ये थापट्या. मी बाहुलीवर दाखवलंय तुम्हाला.

न्याई : दाखवलंयस. दोनदा.

मिएन : आणि एकच गोष्ट, आई. त्याच्या तोंडात आपल्या हातानं काहीही घालायचं नाही. एक शीतसुद्धा नाही. दूध मी काढून ठेवून जाईन, त्यावर त्याचं पोट भरतं अजून.

न्याई : बरं.

मिएन : बरं म्हणजे नक्की ना?

न्याई : बरं म्हणजे बरं. आता ते कानातलं काढतेस, की मी आत जाऊन पडू?

* * *

मिएन : आई, तोमच्या नाकावर हा ओरखडा कसला?

न्याई : कुठे?

मिएन : हा. नाकपुडीच्या कडेला. आणि दुसऱ्या बाजूलाही आहे.

न्याई : त्याचं नख लागलं असेल. वाढलीत नखं, काप म्हटलं तर तुला वेळ कुठाय.

मिएन : कालच कापलीत मी. आणि खुर्चीत बसवलं तर रडतो का? तीन दिवस झाले. मी नुसता हात पुढे केला तर ओठ आवळून मान फिरवतो. आज मी मांडीवर घेऊन गालाला हात लावला, तरी दोन्ही हात नाकावर.

न्याई : पोरं करतात काहीबाही.

मिएन : कपाटाखाली ती वाटी आहे, पालथी घातलेली. तिच्या कडेला काय सुकलंय?

न्याई : दे ती इकडे, धुते.

मिएन : आई.

न्याई : पेज आहे. वामाची. हो, भरवली! काय करशील? बाजारातून जिवंत वाम आणला, मिठानं घासून त्याचा चिकटा काढला, काटे वेचले, हळद टाकली. माझ्या हातानं केलं. विष नाही घातलं.

मिएन : किती दिवस?

न्याई : खालच्या मजल्यावरची तुएत म्हणाली, तुमचा नातू वाळला हो. तिचा नातू दीड महिन्यानं लहान, आणि हा त्याच्या निम्मा दिसतो. चारचौघांत मान खाली गेली माझी. तुझ्या त्या वजनाच्या तक्त्यावर रेघ वर जातेय म्हणतेस, पण लोक तक्ता बघतात की पोराच्या मांड्या बघतात?

मिएन : किती दिवस, आई?

न्याई : आठ.

मिएन : मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

न्याई : एवढं मोजतेस, तर दोनशे ग्रॅम वाढलाय तेही मोज.

मिएन : आणि नाक? त्यानं तोंड उघडलं नाही, तेव्हा काय केलंत?

न्याई : थोडं धरलं.

मिएन : नाक दाबलंत त्याचं.

न्याई : थोडंसं गं! श्वास घ्यायला तोंड उघडतात, तेवढ्यात चमचा जातो. क्षणभराचं काम. आमच्याकडे सगळ्या असंच —

मिएन : शी! शी, आई! तुम्हाला भोपळ्याची किळस येते? फरशीवरच्या तुकड्याची येते? आणि हे करताना नाही आली? सहा महिन्यांचा जीव श्वासासाठी तोंड उघडतो, आणि तुम्ही त्यात पेज ओतता? मला तुमच्या हातांची किळस आलीय. त्या हातात माझं मूल द्यायचं म्हटलं तरी शिसारी येते.

तोआन : काय चाललंय? जिन्यापर्यंत आवाज येतोय.

न्याई : ये, बाबा, ये. तुझ्या बायकोला माझी शिसारी आलीय. ऐकून घे.

मिएन : विचार आईंना, नाक कुणाचं दाबलं.

तोआन : हेल्मेट तरी काढू दे. बारा तास क्रेनच्या पिंजऱ्यात बसून आलोय. कुणाचं नाक?

मिएन : तोमचं. आठ दिवस. नाक दाबून पेज घातली त्यांनी त्याच्या घशात. हे ओरखडे बघ.

तोआन : इकडे दे त्याला, उजेडात बघू.

न्याई : बोल की. आईच्या बाजूनं बोल नाहीतर बायकोच्या, पण बोल. मी तुला असाच वाढवला. आज दहा मजल्यांएवढ्या उंचीवरून बंदरावरचे कंटेनर उचलतोस. काय कमी राहिलं तुझ्यात?

तोआन : मी पेज खात नाही, आई.

न्याई : म्हणजे?

तोआन : खात नाही. सव्वीस वर्षांत एकदाही खाल्ली नाही. तू गावाहून आलीस की डबाभर करतेस, मी कामावर घेऊन जातो. तो डबा बंदराच्या कुत्र्याला जातो. झाकण उघडलं की मला ओकारी येते. खरी ओकारी, नुसतं तोंड वाकडं करणं नव्हे. म्हणून कुत्र्यासमोर मी डबा उघडतसुद्धा नाही, दुसऱ्या कुणाला उघडायला सांगतो.

न्याई : मला कधी बोलला नाहीस.

तोआन : काय बोलायचं? मला पाळणाघरातलं भिंतीपाशी लावलेलं बाक आठवतं. चार वर्षांचा होतो, सगळं आठवतं. आम्ही सगळे ओळीनं. एक वाडगा, एक चमचा. डाव्या हातानं नाक, उजव्या हातानं चमचा, मग तोच हात तोंडावर, गिळेपर्यंत. कुणी ओकलं तर ओकलेलं चमच्यानं गोळा करून परत आत. शेजारची पोरगी हुंदके देत गिळायची आणि मी तिच्याकडे बघत नसे.

मिएन : तोआन, पुरे.

तोआन : नाही, सांगू दे. मला वाटायचं, ही माझी आई आहे. बाकीच्यांना करेल, पण मला आज सोडेल. रोज वाटायचं. आणि आई मला सगळ्यांत आधी घ्यायची. रोज, पहिला मी. का, ते मला अजून कळलेलं नाही.

न्याई : झालं तुझं?

तोआन : झालं.

न्याई : पाटावर मासा झाकून ठेवलाय. मिरची घातलेली नाही. उद्या सकाळी सातची बस आहे गावाला. मला स्टँडवर सोडायला येऊ नकोस, रिक्षा करीन.

* * *

मिएन : आई, पिशवी खाली ठेवा.

न्याई : मच्छरदाणी तुझी तिथेच घडी करून ठेवलीय. तोमचं दूध कोमट करून ठेवलंय. त्याला पाजलं की तू नीघ, नाहीतर तुला उशीर होईल.

मिएन : कुणाजवळ ठेवून निघू?

न्याई : ते तू बघ. तुएतला विचार.

मिएन : आई, कालचा तो शब्द. हातांचा. मी तसं बोलायला नको होतं.

न्याई : शब्द खरा होता. मागे घेऊ नकोस.

मिएन : मला राग आला होता.

न्याई : राग आला म्हणून शब्द खोटा होत नाही. बस जरा. पाच मिनिटं आहेत. तुला एक सांगते. तुला म्हणजे तुलाच, तोआनसमोर मला जमणार नाही.

मिएन : सांगा.

न्याई : पाळणाघरात चव्वेचाळीस पोरं होती. आम्ही दोघीजणी. साडेअकराचा भोंगा झाला की त्यांच्या आया मागावरून सुटून दूध पाजायला येणार, त्याच्या आत सगळी जेवलेली पाहिजेत. चव्वेचाळीस तोंडं आणि चाळीस मिनिटं. शनिवारी वजनं व्हायची. ज्याचं घटलं, त्याच्या आईसमोर आम्हाला उभं करायचे, आणि ती आई आम्हाला काय काय बोलायची! माझ्यासारखीच बाई, हात सुताच्या धुळीनं पांढरे, रात्रपाळीनं डोळे सुजलेले. तिला रेशनचं दूध मिळायचं ते पोराच्या वजनावर. मग आम्ही काय करणार? नाक धरलं. पहिल्या वर्षी मी रडायचे. दुसऱ्या वर्षी नाही रडले.

मिएन : तुम्हाला किळस यायची नाही?

न्याई : मला? घरी आले की कोपरापर्यंत राखेनं घासायचे हात. चुलीतली राख, नारळाची शेंडी. साल निघेपर्यंत. तरी वास जायचा नाही. आंबट दूध, लाळ, ओकारी, ओले लंगोट. त्याच हातानं जेवायच्या काड्या धरून माझा भात खायचा. नवऱ्याला शेजारी झोपू द्यायला लाज वाटायची. बावीस वर्षं. पाळणाघर बंद झालं, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मिएन : तरी पेज केलीत इथे.

न्याई : तुझा तोम तोंडाला भोपळा फासून बसतो ना, तेव्हा मला तो दिसत नाही गं. ते बाक दिसतं. ती घाण लवकर संपावी, तोंड पुसून सगळं कोरडं व्हावं, एवढंच वाटतं. चमचा हातात आला की डावा हात आपोआप नाकाकडे जातो. पहिल्या दिवशी माझ्या नकळत गेला. खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला कळत होतं.

मिएन : हं.

न्याई : आणि तो म्हणाला ना, सगळ्यांत आधी मला घ्यायची.

मिएन : हो.

न्याई : चमचा एकच होता. चव्वेचाळीसांत मिळून एक. पहिल्याच्याच तोंडात तो कोरडा जायचा, कुणाच्या थुंकीचा नाही. दुसरं काही मला करता येत नव्हतं त्याच्यासाठी. गिरणीतल्या बायका म्हणायच्या, स्वतःच्या पोराला पहिलं का? मी म्हणायचे, कडक आहे म्हणून. आईपण बाजूला ठेवते म्हणून. शाबासकी मिळायची.

मिएन : हे त्याला माहीत नाही.

न्याई : तू सांग. मी गेल्यावर.

मिएन : मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा, म्हणजे इथे राहा.

न्याई : माझ्यावर विश्वास आहे तुझा?

मिएन : नाही.

न्याई : हं. हे बरं बोललीस.

मिएन : खोटं कशाला बोलू? काल रात्री दोनदा उठून मी तो ओरखडा बघितला. पण तुएतबाईंच्या घरी त्यांचा नातू टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून बसतो, आणि त्या भरवत राहतात. तेही मला नको. आणि तुम्ही काल खोटं बोलू शकत होतात, नख लागलं यावरच अडून बसू शकत होतात.

न्याई : वाटी नीट धुतली असती तर बसलेही असते.

मिएन : दुपारी साडेबाराला माझी सुट्टी असते. त्याला त्याच वेळी बसवायचं. फोन चालू ठेवायचा. तुम्ही मला सांगायचं, तो काय करतोय.

न्याई : आणि हात?

मिएन : हात तुमचे तुम्ही सांभाळा.

न्याई : मांडीखाली घेऊन बसते. स्टुलावर, दोन्ही. तू विचारलंस की सांगीन, कुठे आहेत ते. ती पिशवी उचलू नकोस, मी ठेवते जागेवर.

* * *

मिएन : ऐकू येतंय, आई?

न्याई : येतंय. फोन नुओक माम सॉसच्या बाटलीला टेकवलाय. पडला तर माझा दोष नाही.

मिएन : बसला का?

न्याई : बसला. रडला नाही आज. कालच्यासारखं अंग ताठ केलं, पण रडला नाही.

मिएन : समोर काय आहे?

न्याई : घोसाळं. उकडून, सालं काढून, बोटाएवढं. चिमटीत दाबून बघितलं. आणि रताळं. तीन तुकडे. सहा दिवस झाले, एकालाही हात लावला नाही त्यानं. आज चौदा वेळा माझ्याकडे बघितलं.

मिएन : मोजलंत?

न्याई : दुसरं काय करू? हात मांडीखाली आहेत, तोंड बंद ठेवायला सांगितलंयस.

मिएन : आत्ता?

न्याई : थांब. घोसाळ्यावर बोट ठेवलं. उचललं. नाही, पडलं. शी, चेंदलं त्यानं. मुठीतून बाहेर येतंय, बोटांच्या मधून. हिरवट, बिया लोंबतायत. काय ते दिसतंय, देवा. शेंबडासारखं.

मिएन : तोंडाकडे नेतोय?

न्याई : कपाळाला पुसलं. आता नाकाला. हं... चाटलं.

मिएन : चाटलं? खरंच?

न्याई : ओरडू नकोस, दचकेल. जीभ लावली. तोंड वाकडं केलं, पण परत चाटतोय. आता दुसरा हात रताळ्यावर. हे घेतलं. नीट धरलंय, मुठीत. घातलं तोंडात. चोखतोय. अगं, तोडला त्यानं! हिरडीनं तुकडा तोडला!

मिएन : केवढा?

न्याई : मोठा आहे. मिएन, मोठा आहे. जिभेवर ठेवून बसलाय. मागे गेला. मिएन, घशात गेला तो, घशात —

मिएन : हात कुठे आहेत?

न्याई : मांडीखाली! खोकतोय. ऐकू येतंय तुला? डोळे बाहेर आलेत. अंग आखडलंय.

मिएन : रंग सांगा, आई.

न्याई : लाल. उकडल्या कोळंबीसारखा. मी काढते, दोन बोटं घालून काढते, दिसतोय मला तो —

मिएन : घालू नका! आवाज येतोय मला इथे. खोकू दे. ओठ कसे आहेत?

न्याई : लाल. लाल आहेत. किती वेळ? अगं, किती वेळ थांबायचं?

मिएन : तो खोकतोय तोवर. त्याच्याकडे बघा. चेहऱ्यावर भीती दाखवू नका. बोला त्याच्याशी.

न्याई : काय बोलू! तोम, बाळा, काढ. काढ बाहेर. आजी हात नाही लावत हं. नाकाला नाही लावत. तूच काढ —

(फोनवर बाळाचं खोकणं ऐकू येतं. मग एकदम काहीच नाही.)

मिएन : आई? आई! आवाज का नाही? रंग सांगा! पालथा घ्या त्याला, आई!

न्याई : ओकला.

मिएन : काय?

न्याई : ओकला. बाहेर आलं सगळं. रताळ्याचा तुकडा, वर दूध, लाळ, सगळा लोंढा. खुर्चीवर, त्याच्या पोटावर, माझ्या गुडघ्यावर. श्वास घेतोय. माझ्याकडे बघतोय. लाल आहे अजून, पण श्वास घेतोय.

मिएन : श्वास घेतोय. घेतोय ना?

न्याई : मिएन? रडतेयस?

मिएन : नाही. ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघतायत. तुमचे हात?

न्याई : मांडीखाली. मुंग्या आल्यात. काढू का आता?

मिएन : काढा, आई. काढा.

न्याई : बाई गं. बावीस वर्षं मी पोरं ओकताना बघितली, पण एकालाही स्वतःहून ओकू दिलं नव्हतं. आंबट वास सुटलाय नुसता. पॅन्टमधून आत झिरपलंय. शी... अरे, अरे!

मिएन : काय झालं?

न्याई : तोच तुकडा परत उचलला. ओकलेला. आणि तोंडात घातला. मिएन, काय पोर आहे हे तुझं? लाज कशी नाही?

मिएन : रडत नाहीये?

न्याई : रडतोय कुठला. चावतोय. हिरड्यांनी. छोटासा घेतलाय या वेळी, जिभेच्या टोकावरच. शहाणा झाला एका खोकल्यात.

मिएन : गिळला?

न्याई : थांब, बघू दे. गिळला. गिळला गं! नळी हलली गळ्याची.

मिएन : तोआनला फोन करा. नको, मीच करते. तुम्ही जेवलात का, आई?

न्याई : त्याचं आवरलं की जेवीन. आधी हे सगळं धुवायचंय, उकळत्या पाण्यानं.

मिएन : आत्ताच वाढून घ्या. त्याच्यासमोर बसून खा. तो बघून शिकतो. तुम्ही रोज त्याच्यासमोर नुसत्या बसता, तोंडाकडे टक लावून. परीक्षेला बसल्यासारखं वाटत असेल त्याला.

न्याई : या राड्यात बसून जेवू? माझ्या गुडघ्यावर काय आहे ते सांगितलं ना तुला?

मिएन : गुडघा पुसा आणि बसा.

न्याई : हुकूम सोडतेस सासूला. थांब.

मिएन : काय वाढून घेतलंत?

न्याई : भात. वरून मायाळूच्या भाजीचं पाणी घेतलंय. मीठ नाही घातलं, आधीच सांगते, विचारू नकोस.

मिएन : घशाखाली उतरतोय?

न्याई : उतरवतेय. वाडग्यात बघून खाते. वर बघतच नाही.

मिएन : तो काय करतोय?

न्याई : बघतोय. माझ्या काड्यांकडे, मग तोंडाकडे. मी चावते तसं चावतोय. तोंडात काही नाही आणि चावतोय, येडा.

मिएन : काल रात्री बोललात का तोआनशी? चमच्याचं?

न्याई : परवाच बोलले. तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता, तेव्हा.

मिएन : मला नाही बोलला. काय म्हणाला?

न्याई : आधी सगळे कपडे वाळत घातले. मग एक शर्ट परत पिळायला घेतला, पिळलेलाच होता तो. मग म्हणाला, आई, उद्या जेवायला काय करू, मी करतो. अगं — ए, ए, तोम!

मिएन : काय झालं? परत अडकलं?

न्याई : नाही, नाही. पुढे वाकला आणि माझ्या वाडग्यात हात घातलाय त्यानं. मनगटापर्यंत. तोच ओकलेला हात. बोटांनी भात ढवळतोय.

मिएन : मग वाडगा मागे घ्या ना, आई.

न्याई : राहू दे.